घर मागून नाही, मोजून

दोस्तांनो, मी भाषणबाज नाही. गोदीत ओझं वाहतो, मॅट्रिक झालोय, रात्री कविता लिहितो. घरावर बोल म्हणालात, म्हणून उभा राहिलो. ज्याची मावशी भायखळ्याच्या फुटपाथवर बाळंत झाली त्यानं घरावर बोलायचं नाही, तर कोणी?

१९८५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो, म्हणालं. आपण टाळ्या वाजवायच्या आत पुढचं वाक्य आलं : नोटीस देऊन फुटपाथ रिकामा करता येईल. म्हणजे पोट तुमचं, जमीन त्यांची.

आदल्या वर्षी, १९८४ साली, ‘स्पार्क’ ही संस्था निघालेली. संस्था म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. शाल, श्रीफळ, फोटो, आणि आपली शेंबडी पोरं रांगेत उभी. पण हिनं १९८५ ला फुटपाथवरची माणसं मोजली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं भरली. ज्यांच्याकडं हे शहर बघून न बघितल्यासारखं करत होतं, त्यांचा आकडा कागदावर चढला.

१९८६ पासून फुटपाथवरच्या बाया ‘महिला मिलन’ म्हणून एकत्र आल्या. रोज रुपया-दोन रुपये टाकून स्वतःची वही काढली. घराचा नकाशा त्यांनी ठरवला : छत चौदा फुटी, म्हणजे आत माळा निघतो. खऱ्या मापाचं घर उभारून लोकांना दाखवलं. गावकुसाबाहेरच्या बाईनं साहेबाला सांगितलं, घर असं पाहिजे. मानखुर्दचं मिलन नगर त्यातून उभं राहिलं.

सगळं गोड नाही. मावशी आता मानखुर्दला, तिची धुणीभांडी भायखळ्यात. अर्धा जीव हार्बर लाइनीत जातो. भिंत मिळाली, पण भाकरी जुन्याच पत्त्यावर राहिली. हे संस्थेलाही विचारायचं, सरकारलाही. आभार मानून गप्प बसायचं नाही.

आज माझ्याच झोपडीचं बघा. फुकट घर पाहिजे तर १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा दाखव, म्हणतात. त्या साली माझा बाप पोती उचलत होता. पाठीवरचे वळ आहेत, कागद नाही.

म्हणून सांगतो. मोर्चा काढू, घोषणा देऊ, कविता तर मी लिहिणारच. पण आपली गल्ली आपण मोजलेली नसेल, तर ती दुसरा मोजतो, आणि कमीच मोजतो. येत्या रविवारी मी वही-पेन घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार आहे. टाळ्या नकोत. तुम्ही या, एक टोक तुम्ही धरा.