घरच्या मुलीचे पहिले संस्कृत पुस्तक

माझी आठ वर्षांची नात घरीच शिकते. तिच्या संस्कृतासाठी मी प्रथम डॉ. भांडारकरांचे पहिले पुस्तक काढले. मांडणी अजोड, पण एकोणिसाव्या शतकातले, हायस्कुलातल्या मुलांसाठी, नियम सारे इंग्रजीत! तेवढे इंग्रजी तिला कुठले? मग रूपावली आणली. ‘रामः रामौ रामाः’ आठ दिवसांत पाठ झाले. परंतु ‘दोन मुलगे जातात’ हे संस्कृतात सांग म्हणताच पोर रडकुंडीस आली. चूक माझीच. मराठीत द्विवचन नाही, संस्कृतात आहे, हे मी तिला सांगितलेच नव्हते. हल्ली ती आपले हात, डोळे दाखवून ‘हस्तौ’, ‘नेत्रे’ म्हणते. रूपावली संध्याकाळी, परवच्याबरोबर. भांडारकर अजून कपाटातच आहेत; बाराव्या वर्षी काढू.