उंदीर पडूं लागले तर काय करावें?

(आष्टी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही उंदरांविषयीं बोलणार आहों हें ऐकून मागची कांहीं मंडळी हंसली. हंसा, पण ऐका. ज्याचें गोदाम वेगळें त्याचे उंदीर गोदामांत राहतात. आपली ज्वारीची कणगी उशाशीं, सोयाबीनचीं पोतीं पायथ्याशीं, म्हणून आपले उंदीरही तेथेंच. त्यानें खाल्लेलें धान्य तुम्हांस दिसतें. त्याच्या केसांत दडलेली पिसू दिसत नाहीं, आणि खरा घात तीच करते.

प्लेग, ज्याला जुनीं माणसें गाठीचा ताप म्हणत, तो मुळांत उंदरांचा रोग. रोगी उंदराचें रक्त प्यालेल्या पिसवेच्या पोटांत जंतु माजतात व तिची अन्ननळी बुजते. भूक भागत नाहीं म्हणून ती पुनःपुन्हां चावते आणि जंतु जखमेंत ओकते. उंदीर मरून गार पडला कीं पिसवा त्याला सोडतात व जवळ सांपडेल त्या ऊन अंगावर उडी घेतात. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत हें प्रयोगानें दाखविलें, तरी विद्वानांस तें पटावयास कांहीं वर्षें लागलीं.

तत्पूर्वीं दोन वर्षें, १८९६ त, मुंबईंत प्लेग आला होता. तेथून पुण्यास गेला. कोणी देवीचा कोप म्हणे, कोणी कलियुगाचें पाप. शांति झाल्या, दक्षिणा गेली, उंदीर मात्र जागच्या जागीं! सरकारनें घरांत शिपाई घातले, त्या धाकानें लोकांनीं आजारी माणसें लपविलीं. अशा वेळीं रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं मुंबईंत प्लेगानें गेले. सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलास पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि १० मार्चला त्याच रोगानें त्या गेल्या. तेव्हां या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. आज आहे.

हें जुनें झालें म्हणाल, तर बीड जिल्ह्याकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीनें कित्येकांनीं घरें सोडून बाहेर छपरांत वस्ती केली. धान्य घरांत राहिलें, उंदरांस मोकळें रान मिळालें. ऑगस्ट १९९४ त मामला गांवीं पिसवा सुटल्या, उंदीर पडले, आणि लोकांच्या जांघेंत-काखेंत गाठी उठल्या. फवारणी व गोळ्या यांनीं रोग आटोक्यांत आला. पुढल्याच महिन्यांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग निघाला, तो खोकल्यानें पसरतो, आणि लाखों लोक शहर सोडून पळाले.

तेव्हां एकाएकीं उंदीर मरून पडूं लागले तर उघड्या हातानें शिवूं नका, शेपटी धरून उकिरड्यावर फेकूं नका. आरोग्य केंद्रांत त्याच दिवशीं कळवा. आणि आमचें हें म्हणणें नीट ध्यानांत घ्या: अशा वेळीं आधीं उंदरांस विष घालणें हा उलटा उपाय आहे. उंदीर मेले कीं उपाशी पिसवा घरभर होतात. पिसवांवरची फवारणी आधीं, विष मागून. ताप येऊन गाठ उठली तर अंगारा-धुपाऱ्यांत दिवस घालवूं नका. वेळेवर औषध मिळालें तर माणूस वांचतो.

आज आपल्याकडे प्लेग नाहीं, पण उंदराच्या अंगावरचा दुसरा किडा आहे. डोळ्यांस जेमतेम दिसणारीं तांबडीं पिल्लें गवतांतून माणसास चिकटतात व स्क्रब टायफस हा ताप देतात. २०१८ सालीं नागपूरकडे त्याची साथ झाली. चावल्या जागीं पुष्कळदां काळी खपली धरते, दुखत नाहीं, म्हणून गवत कापणाऱ्या बायांच्या ती ध्यानांत येत नाहीं. ताप असेल तर काख, कंबर, जांघ पाहावी व खपली डॉक्टरास दाखवावी. लाज धरूं नये.

राहतां राहिली कणगी. ती भिंतीपासून हातभर दूर, दगडांवर उंच ठेवा. बिळें कांच-खडी घालून बुजवा. नाल्या व उकिरडे एकट्याच्यानें हटत नाहींत, तें काम ग्रामपंचायतीचें आहे. त्यासाठीं अर्ज लिहून आणला आहे. सभा संपल्यावर बायांनींही सह्या कराव्या. सही येत नसेल त्यानें अंगठा द्यावा.