विमान कंपनी बुडते तेव्हा



मे महिना, शाळांना सुट्ट्या लागलेल्या, बॅगा भरून झालेल्या. अशा ऐन हंगामात, 2 मे 2023 रोजी, गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने जमिनीवर उभी राहिली. आधी सांगितले की दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. मग आठवडा वाढला, मग आणखी एक. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा इथले प्रवासी प्रत्येक नव्या तारखेवर आशा लावून बसले. कंपनीची उड्डाणे पुन्हा सुरू झालीच नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरीची प्रकरणे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

माझ्या मते यात प्रवाशांची सर्वात मोठी चूक म्हणजे ते वाट पाहत बसले. विमान कंपनी बुडाली की आपण सवयीने तिच्याच कस्टमर केअरला फोन लावत राहतो. तिथे फोन उचलणाऱ्या मुलीचाही पगार थकलेला असतो, ती काय देणार? पहिला फोन आपल्या बँकेला करायचा.

तिकीट क्रेडिट कार्डाने किंवा डेबिट कार्डाने काढले असेल, तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. अर्जात कारण साधेच लिहायचे: पैसे दिले, सेवा मिळाली नाही. सोबत तिकीट, कार्डाचे स्टेटमेंट आणि उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज जोडायचा. मग आपली बँक ही रक्कम विमान कंपनीच्या बँकेकडे मागते. कार्डाच्या व्यवस्थेत ज्या बँकेने त्या दुकानदाराला, म्हणजे इथे विमान कंपनीला, कार्डाने पैसे घेण्याची सोय दिली, तिच्यावरही जबाबदारी येते. कंपनीची तिजोरी रिकामी असली तरी ही वाट उघडी राहते ती त्यामुळे. मात्र अशा अर्जाला मुदत असते आणि ती आपल्यासाठी थांबत नाही. अर्ज केला म्हणून कार्डाचे बिल भरायचे थांबवू नका, नाहीतर व्याज आणि दंड वेगळा बसेल. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

यूपीआयने पैसे दिले असतील तर काम पुष्कळ अवघड होते. भाजीवाल्याला यूपीआय उत्तम, पण तीन महिन्यांनंतरच्या विमानासाठी मी तरी कार्डच वापरतो.

स्टेटमेंटवर नाव कोणाचे आहे, तेही बघा. एखाद्या पोर्टलवरून तिकीट काढले असेल आणि पैसे त्या पोर्टलच्या नावावर गेले असतील, तर तुमचा वाद आधी त्याच्याशी. ते पोर्टल अजून चालू आहे, ही जमेची बाजू. तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक असेल तर त्याचे पहिले तीन आकडे पाहा. ते तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. बंद पडलेल्या जेट एअरवेजचा आकडा होता 589. दोन कंपन्यांनी मिळून चालवलेल्या प्रवासात तिकीट दुसऱ्या, धडधाकट कंपनीने दिलेले असेल, तर पुढच्या प्रवासाची सोय करायला तिलाच सांगायचे.

आता न्यायाधिकरणाकडे वळू. नादारी व दिवाळखोरी संहितेखाली अर्ज दाखल करून घेतला गेला, की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. ग्राहक आयोगातला खटलासुद्धा. गो फर्स्टच्या बाबतीत हे अवघ्या आठ दिवसांत, 10 मे रोजी, घडले. यानंतर न्यायाधिकरणाने नेमलेला अधिकारी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घेणेकऱ्यांना आपापला दावा नोंदवायला सांगतो. तुम्हीही घेणेकरी आहात. दावा ईमेलनेही पाठवता येतो, वकील लागत नाही. पाठवा जरूर, पण त्या पैशांवर पुढच्या सहलीचे बेत आखू नका. कंपनी मोडीत निघाली तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगार, मग इतर कर्मचारी, मग बाकीचे कर्ज आणि सरकारी देणी, असे सगळे ताटावर बसून गेल्यावर प्रवाशाची पंगत. शिवाय वेळ किती जातो ते पाहा: जेटचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 ला अमृतसरहून मुंबईकडे निघाले, आणि ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला नोव्हेंबर 2024 मध्ये.

गंमत म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस म्हणून मिळणाऱ्या ज्या पॉइंटांसाठी जेटचे प्रवासी हळहळत होते, ते वाचले. ती योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती.

परगावी किंवा परदेशात अडकलात, तर परतीचे तिकीट आधी काढा, भांडण नंतर. अशा वेळी दुसऱ्या कंपन्या कधीकधी अडकलेल्यांना सवलतीचे दर देतात. जेट बंद पडली तेव्हा एअर इंडियाने परदेशात अडकलेल्यांना ते दिले होते. काउंटरवर विचारल्याशिवाय मात्र कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये 2019 साली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे दीड लाख पर्यटकांना सरकारी यंत्रणेने घरी आणले, कारण तिथे पॅकेज सहलींच्या संरक्षणासाठी निधी उभा केलेला असतो. आपल्याकडे असा निधी नाही. तो असायला हवा. प्रवास विम्यावरही डोळे झाकून विसंबू नका, कित्येक पॉलिसींत कंपनीची दिवाळखोरी वगळलेली असते.

आणि एक धोका. आमच्या शेजारच्या वहिनींनी बुडालेल्या कंपनीचा नंबर मोबाइलवर शोधला. पलीकडचा माणूस गोड बोलला, ‘रिफंड लगेच देतो, फक्त एक ॲप घ्या आणि ओटीपी सांगा’ म्हणाला. तिकिटाचे पैसे गेलेच होते, खात्यातले आणखी गेले. रिफंड द्यायला ओटीपी लागत नाही.

बँक किंवा पोर्टल दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. क्रमांक आहे 1915, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.