निकालाची हमी न देणारा अर्ज

अनुदानाच्या अर्जात ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ असा एक रकाना असतो. वर्गखोल्या बांधणारी संस्था तिथे खोल्यांची संख्या लिहून मोकळी होते, मोतीबिंदूची शिबिरे घेणारी संस्था शस्त्रक्रियांची. न्यायासाठी झगडणाऱ्या संस्थेने तिथे काय लिहायचे? समोर प्रतिवादी, वर न्यायाधीश, आणि तारखा तर कुणाच्याच हातात नाहीत. मग इतकी कायदेविषयक शिबिरे, इतक्या पुस्तिका, इतके लाभार्थी असे लिहिण्याचा मोह होतो, कारण हे आकडे गाठता येतात. माझे म्हणणे असे, की या संस्थेने निकालही कबूल करू नये आणि शिबिरांच्या आकड्यांमागेही लपू नये. तिने आधी अभ्यासासाठी पैसा मागावा, आणि अभ्यासातून वेगळी वाट दिसली तर ती धरण्याची मोकळीकही त्याच अर्जात मागून घ्यावी.

याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. वारशाने आलेला पैसा नको म्हणणाऱ्या चार्ल्स गारलँड या तरुणाच्या संपत्तीतून १९२२ मध्ये एक निधी उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने या गारलँड फंडाकडे प्रस्ताव नेला. दक्षिणेकडील राज्ये गोऱ्या मुलांच्या शाळांवर कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या कैक पट खर्च करत होती. तेव्हा ठिकठिकाणी करदात्यांच्या नावे दावे लावायचे, समान खर्चाचा बोजा राज्यांना परवडेनासा करायचा आणि अशा रीतीने वेगळ्या शाळांची व्यवस्थाच मोडकळीला आणायची, अशी ही योजना होती. फंडाच्या विश्वस्तांत मतभेद झाले. कोर्टकचेरीने समाज बदलत नाही, पैसा कामगार चळवळीला द्यावा, असे विश्वस्त रॉजर बाल्डविन यांचे मत होते. तरी १९३० मध्ये एक लाख डॉलर मंजूर झाले. पण शेअर बाजार कोसळल्याने फंडाची गंगाजळी आटली, आणि प्रत्यक्षात हाती पडले ते जेमतेम वीस हजारांच्या आसपास.

या तुटपुंज्या रकमेतून पहिले मोठे काम झाले ते एका अहवालाचे. नेथन मार्गोल्ड या वकिलाने १९३१ मध्ये तो सादर केला, आणि ज्या योजनेच्या नावाने पैसा मागितला होता तिलाच त्याने सुरुंग लावला. करदात्यांचे दावे जिल्ह्याजिल्ह्यात लढावे लागतील, एकेका दाव्याचा निकाल त्या जिल्ह्यापुरता राहील, आणि पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक पुन्हा विषम निघाले की पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल, असे त्याचे गणित होते. त्यापेक्षा समानतेविना राबवल्या जाणाऱ्या विभक्तीकरणावरच घाव घालावा, असे त्याने सुचवले. १९३५ मध्ये एनएएसीपीच्या कायदेशीर लढ्याची सूत्रे हाती घेणाऱ्या चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी मार्गोल्डचा सल्लाही जसाच्या तसा उचलला नाही. त्यांनी शिक्षकांच्या पगारातली तफावत आणि पदव्युत्तर व व्यावसायिक शिक्षण ही दोन दारे निवडली. राज्यात कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचे महाविद्यालयच नसेल, तर सोयी ‘वेगळ्या पण समान’ असल्या की पुरे, हा राज्यांचा युक्तिवाद न्यायाधीशासमोर उभाच राहू शकत नव्हता. याच सुमारास ह्यूस्टन कॅमेरा घेऊन दक्षिण कॅरोलायनाच्या खेड्यांत फिरले आणि दोन्ही प्रकारच्या शाळा त्यांनी फिल्मवर टिपल्या. आज एखादा हिशेबनीस या फिल्मच्या खर्चावर नक्की लाल शाई फिरवील. कायद्याच्या महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यांत १९३६ मध्ये मेरीलँडचा आणि १९३८ मध्ये मिसुरीचा निकाल बाजूने लागला, आणि १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील विभक्तीकरणच घटनाबाह्य ठरवले.

यावर कुणी म्हणेल, की दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब द्यायला नको का? द्यायलाच हवा. पण हिशेब कशाचा, हा मुद्दा आहे. गारलँड फंड १९४१ मध्येच बंद झाला. ब्राऊनचा निकाल पाहायला तो उरलाच नाही. तीन वर्षांच्या मुदतीत निकाल दाखवा, अशी अट असती तर हा प्रकल्प नापास ठरला असता. मार्गोल्डचा अहवाल मात्र वेळेत हातात आला होता, त्याचे पान न् पान तपासता येत होते. मूळ योजना का सोडली, हे कारणांसह लिहून देणे हाही हिशेबच आहे, आणि शिबिराच्या हजेरीपटापेक्षा तो कितीतरी कडक आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. मेगन मिंग फ्रान्सिस या अभ्यासिकेने २०१९ मध्ये दाखवून दिले, की एनएएसीपीचा आधीचा भर झुंडबळी आणि वांशिक हिंसाचारावर होता. तो शिक्षणाकडे वळण्यात गारलँड फंडाच्या पैशाचा मोठा हात होता. म्हणजे देणाऱ्याने नुसता पैसा दिला नाही, प्रश्नही निवडून दिला. हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. एवढेच म्हणेन, की तो अर्ज करण्याविरुद्धचा नसून प्रश्न न ठरवता अर्ज करण्याविरुद्धचा आहे. जाहिरात पाहून विषय शोधणाऱ्या संस्थेची हीच गत होते.

आपल्याकडे मोफत वकील देण्याची तजवीज आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. मग वेगळे अनुदान कशाला? कारण प्राधिकरणाचा वकील एका माणसाचा खटला लढवतो. तशीच हजार माणसे का अडकली, हे शोधणे त्याच्या कामात बसत नाही. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद सोडून, जामिनावर सोडण्याची तरतूद २००६ पासून आहे. तरी २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते. तारखेचा हिशेब कोण ठेवतो, जामीनदार कुठे अडतो, कागद कोणत्या टेबलावर थांबतो, हे तुरुंगात आणि कोर्टाच्या कारकुनाजवळ बसून शोधावे लागते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे, ते याच जातीचे, चिकाटीचे काम.

अशा कामाचा खर्च मुख्यतः माणसांचा, आणि नेमका तिथेच नियमांचा पाय आडवा येतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत, म्हणजे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, ‘न्याय’ असा स्वतंत्र विषयच नाही. मागास घटकांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करणे किंवा स्त्री-पुरुष समानता यांपैकी एखाद्या कलमात प्रकल्प बसवावा लागतो. परदेशी देणगी घ्यायची तर त्याविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली, आणि नियमांत प्रशासकीय खर्चाच्या यादीतच ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ लिहिलेले आहे. मात्र रुग्णालयातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार, तसेच संशोधन-संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचे मानधन त्यातून वगळले आहे. तेव्हा अंदाजपत्रक ‘वकील फी’ अशा एका ओळीत उरकू नये. तुरुंगात जाऊन कागद पाहणारा वकील हा आमच्या संस्थेचा डॉक्टर आहे, असे उद्दिष्टांपासून पगारपत्रकापर्यंत एकाच भाषेत मांडावे, आणि ते लिहिताना लेखापरीक्षकाला शेजारी बसवावे. अहवाल पाठवतेवेळी त्याला गाठून फारसा उपयोग नाही.