पडद्यावरील शेजारी



आपल्या घराच्या उजव्या बाजूस कोण राहतें आणि डाव्या बाजूस कोण राहतें, हें आपणां सर्वांस ठाऊक असतें. परंतु आणखी एक बिऱ्हाड आपल्या प्रत्येकाच्या शेजारीं थाटलेलें आहे, आणि त्याची नोंद कोणत्याहि ग्रामपंचायतीच्या दप्तरांत नाहीं. तें बिऱ्हाड म्हणजे चित्रपटांतील नटनटींचें. त्यांस आपण कधीं भेटलेले नसतों. तरीहि त्यांचीं लग्नें, त्यांचीं आजारपणें आणि त्यांचे रुसवेफुगवे यांची वार्ता सख्ख्या चुलत्याच्या वार्तेआधीं आपल्या कानीं येते. शेजार म्हटला कीं उसनवार आलीच. ह्या शेजाऱ्यांकडून आपण काय काय उसनें आणलें, आणि घरांत आणतांना तें पारखून घेतलें कीं नाहीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेंत आयुष्य घालवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहें. मात्र मुलांनीं रविवारीं काय पाहिलें, हें शिक्षकास सोमवारीं पहिल्याच तासाला न विचारतां कळतें. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहें.

हें बिऱ्हाड आपल्याकडे आलें केव्हां? ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. प्रवेशाचा दर एक रुपया होता, आणि त्या काळीं रुपया ही कांहीं मजुराच्या कनवटीस सहज सांपडणारी वस्तु नव्हती. परंतु थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहांत होऊं लागले, दर चार आण्यांपर्यंत उतरले आणि पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळ्या बैठकीहि ठेवण्यांत आल्या. म्हणजे आल्या आल्याच ह्या नवलाईनें माजघराच्या दिशेनें पाऊल टाकलें.

पुढें ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं ह्या कामासाठीं आपले दागिने गहाण पडूं दिले, कंपनींतील सर्व माणसांना रांधून घातलें आणि फिल्मला छिद्रें पाडण्यापर्यंतचीं कामें शिकून घेतलीं. एवढें करूनहि तारामतीच्या भूमिकेसाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं. अखेर एका खाणावळींत काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' ह्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या मायलेकींनीं पडद्यावर येण्याचें धैर्य दाखविलें, तरी समाजाचें मन लगेच वळलें नाहीं. १९१७ सालच्या 'लंकादहना'त राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंक्यांनींच केल्या. राम पडद्यावर दिसतांच लोक हात जोडीत, असें त्या काळच्या आठवणींत सांगितलेलें आहे. ज्या धंद्यांत आपली लेक पाठविण्यास कोणी तयार नव्हतें, त्याच धंद्यांतील देवतांपुढें सारा समाज नतमस्तक होत होता! पुढें १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटांत प्रतिष्ठित घराण्यांतील सुशिक्षित दुर्गाबाई खोटे यांनीं तीच तारामती उभी केली. खाणावळींतील पुरुषापासून दुर्गाबाईंपर्यंत येण्यास तारामतीला एकोणीस वर्षें लागलीं. समाज बदलतो तो असा, हळूहळू.

आतां उसनवारीकडे वळूं. सर्वांत मोठी उसनवारी देवघराची आहे. १९३६ सालीं दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' मुंबईंत एका वर्षाहून अधिक काळ चालला. त्यांत विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. आज घरोघरच्या तसबिरींकडे आणि दिनदर्शिकांकडे पाहतांना तुकोबांच्या चेहऱ्यांत पागनिसांचा भास होतो, असें माझ्यासारख्या पुष्कळांस वाटतें. १९७५ सालीं 'जय संतोषी माँ' हा साधाच चित्रपट आला. लोक चित्रपटगृहांत पादत्राणें बाहेर काढून बसत आणि पडद्यावर पैसे उधळीत. ज्या घरीं हें व्रत पूर्वीं ठाऊकहि नव्हतें, त्या घरीं शुक्रवारचा उपवास आणि गूळ-चण्यांचा प्रसाद सुरू झाला.

दुसरी उसनवारी देहाची. १९६० सालच्या 'लव्ह इन सिमला' ह्या चित्रपटांत साधना यांचें रुंद कपाळ झांकावें म्हणून पुढचे केस कापण्यांत आले. ती सोय एका कपाळाची होती. पण ती हजारों कपाळांवर उतरली आणि तिचें नांवच 'साधना कट' पडलें. तिसरी उसनवारी नांवांची. पहिलीच्या पटावर एकाएकीं कोणतें नांव वाढलें हें पाहून सहा वर्षांपूर्वीं कोणत्या नटाची चलती होती, हें मी अचूक सांगत असें. आणि चौथी उसनवारी मायेची. २६ जुलै १९८२ रोजीं बंगळूर येथें चित्रीकरण चालूं असतांना अमिताभ बच्चन यांस जबर दुखापत झाली, तेव्हां ज्यांनीं त्यांस जन्मांत पाहिलें नव्हतें अशा लोकांनीं देशभर देवळांत आणि मशिदींत प्रार्थना केल्या. ह्या मायेला वेडेपणा म्हणून हंसूं नये. जें हृदय परक्यासाठीं इतकें कळवळतें, तें निकोप आहे. फक्त शेजारचा म्हातारा आजारी पडला असतां तेंच हृदय किती कळवळतें, एवढें आपल्याशीं पडताळून पाहावें.

वडीलधाऱ्या मंडळींचा सरळ उपाय म्हणजे बंदी. तिचें काय होतें, ह्याचा दाखला ह्याच आकाशवाणीच्या इतिहासांत आहे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहितीखात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचें खरें प्रेम होतें आणि त्यासाठीं त्यांनीं पुष्कळ केलें. परंतु त्यांच्याच काळांत चित्रपटगीतांस आकाशवाणीवर मज्जाव झाला. लोकांनीं गाणीं ऐकणें सोडलें काय? नाहीं, त्यांनीं रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलें आणि अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' घरोघर पोंचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारतीचा जन्म झाला आणि चित्रपटगीत पुढच्या दारानें घरीं आलें. दार लावलें म्हणजे शेजार संपत नाहीं. मुलें कुंपणावरून उड्या मारूं लागतात, एवढेंच.

मग करावें काय? माझ्या अनुभवांतील एक गोष्ट सांगतों. सातवीच्या वर्गांत एक मुलगी होती. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यांत राणीच्या कामासाठीं तिनें आपलें नांव दिलें. तेव्हां एक मुलगा म्हणाला, "सिनेमांत राणी अशी काळी नसते." वर्ग हंसला, आणि मुलीनें उठून यादींतलें आपलें नांव खोडलें. त्या मुलाला मीं शिक्षा केली नाहीं; कारण तें वाक्य त्याचें नव्हतें. पडद्यावर आणि जाहिरातींत त्यानें जें शेंकडों वेळां पाहिलें होतें, तेंच त्यानें बोलून दाखविलें होतें. गोरेपणाचें मलम विकणारे चेहरेहि नटनटींचेच होते ना?

त्या आठवड्यांत मीं गांवांतून व्हिडिओ भाड्यानें आणून शाळेंत 'संत तुकाराम' दाखविला. त्यांतील तुकोबांची बायको जिजाई म्हणजे गौरी. पूर्वीं लहानसहान कामें करणारी ही बाई. चेहरा कष्टकरी बाईचा, रंगरंगोटी नाहीं. पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी आणि नवऱ्याच्या उदारपणावर कडाडणारी ती जिजाई पाहून मुलें हंसलीं आणि शेवटीं गप्प झालीं. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, ती बाईसुद्धां नटीच होती का?" मीं "होय" म्हटलें. ती अधिक कांहीं बोलली नाहीं. मधल्या सुटीनंतर यादी पाहतों तों तिचें नांव पुन्हा लिहिलेलें. मात्र राणीच्या पुढें नव्हे, तर राणीला चार शब्द सुनावणाऱ्या दासीच्या पुढें. त्या नाटुकल्यांत सर्वांत अवघड काम तेंच होतें, आणि तें तिनें उत्तम केलें.

ह्या प्रसंगापासून मला कळलें तें असें, कीं चित्रपटाचें विष उतरविण्यास चांगला चित्रपटच लागतो. १९३७ सालीं शांताराम यांनीं ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्या लग्नास मनानें मान्यता देण्याचें नाकारते. जरठ-बाला विवाहावर व्याख्यानें पुष्कळ झालीं होतीं. परंतु ज्या घरांत व्याख्याता पोंचत नसे, त्या घरांत शांता आपटे यांची नीरा पोंचली.

ह्याच शांताबाईंची दुसरी बाजूहि तरुणांनीं ध्यानांत ठेवावी. कराराच्या वादावरून १९३९ सालीं त्या प्रभात कंपनीच्या दारापुढें उपोषणास बसल्या, आणि पुढील वर्षीं त्यांनीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तकच लिहिलें. कीर्तीच्या शिखरावरील बाईस असा प्रश्न पडावा, ह्यांतच त्या धंद्याचें मर्म आलें. दुरून डोंगर साजरे. आपण ज्यांस तारे म्हणतों, तीं कष्ट करून पोट भरणारीं माणसें आहेत. आणि एका चेहऱ्यामागें ज्यांचे चेहरे दिसत नाहींत असे सुतार, शिंपी, रंगारी आणि दिवे उचलणारे उभे असतात. मुंबईस पळून जाऊं पाहणाऱ्या मुलास रागें भरण्यापेक्षां एवढें समजावून सांगितलें, तर तो एक तर थांबेल किंवा पुरती तयारी करून जाईल. दोन्ही चांगलेंच.

आतां एका बदलाविषयीं सांगून संपवितों. माझ्या लहानपणीं जत्रेंत तंबूचा सिनेमा येई. दिवसां कर्णा लावलेली गाडी गांवोगांव फिरे. रात्रीं जमिनीवर पोतें अंथरून, एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस बायका, अशी सारी पंचक्रोशी बसे. रीळ बदलतांना अंधार होई, तेवढ्यांत ओळखीपाळखी निघत. परततांना चार मैलांच्या वाटेवर त्या चित्रपटाची उलटतपासणी चाले: सासू खरी कीं सून खरी, सावकारानें केलें तें न्यायाचें होतें काय, मुलानें बापाला तसें बोलावें काय. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईंत दूरदर्शन आलें आणि कालांतरानें गांवोगांवहि पोंचलें. तेव्हां ज्याच्या घरीं संच, त्याच्या ओटीवर रविवारीं संध्याकाळीं सारी आळी जमूं लागली. वाट चार मैलांवरून चार पावलांवर आली, तरी बोलणें शिल्लक होतें. आज प्रत्येकाच्या हातांत निराळा पडदा आहे. एका छपराखालीं चार माणसें चार चित्रपट पाहतात, आणि दिवा मालवून निजतात. वाटच उरली नाहीं, म्हणून वाटेवरचें बोलणेंहि उरलें नाहीं.

मला भय वाटतें तें ह्याचें. वाईट चित्रपट पूर्वींहि होते. परंतु रात्रीं आणलेलें उसनें परततांना दहा माणसें चाळून घेत, खडे वेंचून टाकीत आणि मगच तें घरांत येई. आतां तें न चाळतां थेट मुलाच्या उशाशीं जातें. चाळण्याचें काम सरकार करणार नाहीं, शाळाहि एकटी करूं शकणार नाहीं. तें घरानेंच केलें पाहिजे.

म्हणून माझी विनंति लहानशीच आहे. आठवड्यांतून एक चित्रपट सर्वांनीं मिळून एका पडद्यावर पाहावा. तो मुलांनीं निवडावा. वडिलांनीं नाक मुरडूं नये. संपल्यावर अर्धा तास कोणीं उठूं नये. त्यांत काय पटलें, काय पटलें नाहीं, असें आपल्या घरीं घडलें असतें तर आपण काय केलें असतें, हें लहानांनीं आधीं बोलावें आणि मोठ्यांनीं मागून. तो अर्धा तास म्हणजेच आमची जुनी चार मैलांची वाट. ऐकावें जनाचें, करावें मनाचें, असें आपण म्हणतों. परंतु मन तयार होतें तें अशा बोलण्यांतूनच.

हा शेजार आतां सुटणारा नाहीं, आणि तो सुटावा असेंहि मला वाटत नाहीं. त्यांच्याकडून आनंद घ्यावा, गाणें घ्यावें, नीरेचें धैर्य आणि जिजाईचा करारीपणा घ्यावा. आपल्या मुलांचा रंग, रूप आणि किंमत मात्र त्यांच्या मापानें मोजूं नये; तें माप आपल्याच घरचें असावें.