खेड्यातला संपादक



कापसाचा भाव आपण पेपरात वाचतो. उत्पादनखर्च क्वचितच छापून येतो. कृषी पदवी घेताना आम्हीही खताची मात्रा शिकलो, हिशेब मांडायला चळवळीत शिकलो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' काढला, तो शहरातून नव्हे, खेड्यातून. १९६७ साली मरेपर्यंत चालवला. सावकार नि कुलकर्णी रयतेला कसे नाडतात, ते त्यांनी गावच्या भाषेत मांडलं. दप्तर दुसऱ्याच्या हाती असलं, की लूट दिसत नाही.

आपल्या वाशीम-रिसोडचा वार्ताहरही बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा. त्याला नुसतं निवेदन देऊ नका. कपाशी-ज्वारीचा एकरी खर्च, बियाणं, खत, डवरणी, निंदण, वेचणी, कलमवार लिहून द्या. छापणं त्याचं काम. हिशेब देणं आपलं.