पडण्याआधीचा पंचनामा

इमारतीच्या कामावर माणूस पडला की नंतर जे लिखाण होतं, ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. मी वाचलं आहे. पंचनाम्यात सगळं असतं. परांची किती फूट उंच होती, दोरी कुठे सुटली, फळी कोणत्या बाजूने निसटली, कमरेला पट्टा होता की नव्हता, जमीन ओली होती की कोरडी. खाली दोन पंचांच्या सह्या. इतकं बारकाईने लिहिणारी माणसं आपल्याकडे आहेत. फक्त ती एक दिवस उशिरा येतात. मला आज बोलायचं आहे ते आदल्या दिवशीच्या लिखाणाबद्दल.

माझे अब्बा रंगारी होते. मी बी.ए. होईपर्यंत घर त्यांच्या ब्रशवर चाललं. कामावर गेले की आधी परांचीच्या प्रत्येक गाठीवर हात फिरवायचे, बांबू हलवून बघायचे, मगच चढायचे. कुठली दोरी जुनी, कुठली फळी पोकळ, हे सारं त्यांच्या डोक्यात असे. एका संध्याकाळी गवंड्याला दुसरीकडे बांबू हवा होता, म्हणून त्याने आमच्या परांचीचा एक आडवा बांबू काढून नेला. फळी नुसती टेकवून ठेवली. अब्बांनी ते पाहिलं. उद्या सकाळी आपणच पहिले चढणार, तेव्हा बांधून घेऊ, असं म्हणून ते घरी आले. रात्री त्यांना ताप भरला. सकाळी त्यांच्या जागी अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा चढला.

तो जगला. पण कंबरेचं हाड मोडलं, आणि पुन्हा कधी उंचीवर चढला नाही. अब्बा नंतर एवढंच म्हणायचे, "मला ठाऊक होतं, आणि मी घरी झोपलो होतो."

आमच्याकडे कागदच नव्हता. कागद असूनही काय होऊ शकतं, त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रातलं आहे. तेलविहिरीवरच्या 'पायपर अल्फा' या फलाटावर दोन पंप होते. ६ जुलै १९८८ रोजी त्यातल्या एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. नळीच्या उघड्या तोंडावर तात्पुरतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. 'हा पंप चालू करू नये' असा कागद रीतसर लिहिलेला होता. पाळी बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांनी कागद पाहिले. पंपाच्या देखभालीचा कागद सापडला, पण ते काम सुरूच झालेलं नव्हतं. झडपेचा कागद त्यांच्या हाती लागला नाही. त्यांनी पंप चालू केला. झाकणातून वायू सुटला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला; त्यानंतर तिथले नियमच बदलले.

आमच्या गावच्या दोन मजली घरावर आणि त्या समुद्रातल्या फलाटावर एकच गोष्ट घडली. एकाला ठाऊक होतं, ते दुसऱ्यापर्यंत पोचलं नाही.

मग आदल्या दिवशी लिहायचं काय? फार नाही. उद्या कोणतं काम, किती उंचीवर किंवा किती खोल, कोण करणार, त्यात काय बिघडू शकतं, त्यावर उपाय काय आणि तो झाला की नाही हे कोण पाहणार. उपायांचा क्रम मात्र महत्त्वाचा. आपल्याकडे सगळं सेफ्टी बेल्टपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. खरं तर तो शेवटचा उपाय. आधी विचारायचं, हे काम जमिनीवर करता येईल का? ग्रिल खालीच रंगवून मग वर नेता येते. ते जमत नसेल तर कठडा, मग जाळी, मग पट्टा. आणि पट्टा लिहिला तर त्याचा हूक कुठे अडकवायचा तेही लिहायचं. हूक मोकळा लोंबत असलेला पट्टा मी किती वेळा पाहिला आहे!

शिवाय हा कागद एकदा लिहून संपत नाही. उन्हाळ्यात खणलेला खड्डा आणि पहिल्या पावसानंतरचा तोच खड्डा, हे दोन वेगळे खड्डे आहेत. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ रोजी पावसात संरक्षक भिंत कोसळली, ती मजुरांच्या झोपड्यांवर. पंधरा जण गेले. ते काही त्या वेळी उंचावर काम करत नव्हते. मजूर झोपणार कुठे, हाही कामाच्या आराखड्याचाच भाग आहे.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे तो २०२० च्या संहितेत सामावला. मूळ कायद्यात सुरक्षा समितीची सक्ती होती ती पाचशे मजुरांच्या कामावर. आपल्या गल्लीतल्या बंगल्यावर दहा-बारा असतात. तिथे समिती कोण नेमणार? तिथे मुकादम आणि घरमालक हीच समिती. आणि मुकादमाने कागद वाचून दाखवायला हवा, मजुराला कळेल त्या भाषेत. मजूर बिहारचा, बंगालचा, कागद इंग्रजीत. यात बिचाऱ्या कागदाचा दोष नाही.

मजूर, मुकादम, इमारत, हजेरी हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठी झाले. 'सही' हाही तसाच. अरबीत 'सहीह' म्हणजे खरं, निर्दोष. सही करणारा म्हणतो की हे बरोबर आहे. माझ्या घरासमोर इमारतीचं काम चालू होतं, तेव्हा तिथला तपासणीचा तक्ता मी सहज पाहिला. सोमवार होता, आणि शुक्रवारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. मी मुकादमाला विचारलं. तो हसून म्हणाला, "चाचा, रोज कुठे वेळ मिळतो?" हजेरीच्या वहीत मात्र त्याने एक दिवसही पुढची सही केली नव्हती, कारण तिथे पैसे होते.

तो पोरगा पडल्यानंतर अब्बांनी एक गोष्ट केली. त्यांना लिहिता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते मला शाळेच्या वहीत लिहायला बसवायचे. "लिही, मागची दुसरी दोरी सैल. लिही, खालची फळी बदलायची." ती वही सकाळी पहिला जो येईल त्याने वाचायची, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, मगच चढायचं. वही परांचीच्या पहिल्या बांबूला सुतळीने टांगलेली असे. एकदा पावसात भिजली आणि शाई फुटली, तेव्हापासून अब्बा ती रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागले, आणि डबा टांगू लागले.